लाकडाचे हरफ

माझे अब्बा सुतार. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सात खेड्यांत ज्या जुन्या चौकटी अजून उभ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अब्बांच्या हातच्या. लहानपणी शाळेतून आलो की मी त्यांच्या कामाजवळ जाऊन बसायचो. पायाखाली भुश्श्याचा थर, नाकात सागवानाचा वास. कुतूहलाने रंध्याला हात लावला की अब्बा तो हळूच बाजूला सारत. म्हणत, ‘‘तू कलम पकड़. रंधा मेरे वास्ते रहने दे.’’

मी कलम पकडली. बी.ए. झालो, बी.एड. झालो. काही वर्षे विनाअनुदानित शाळेत ‘आज ना उद्या अनुदान येईल’ या आशेवर काढली. मग उर्दू शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवण्याची नोकरी मिळाली. अब्बांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. आपल्या पोराच्या हाताला घट्टे पडणार नाहीत, एवढाच त्यांचा आनंद होता. पुढे त्याच पोराला त्यांच्या पेटीतली पटाशी मागावी लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. माझ्याही नव्हते.

त्याला कारण झाला सहावीतला एक मुलगा. त्याचे नाव इथे लिहीत नाही. त्याचे आईबाप वीटभट्टीवर काम करतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचे, भट्टीजवळ पाल ठोकायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, असे त्यांचे वर्षाचे गणित. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, त्यामुळे हा सहावीत बसला होता. पण वाचन पहिलीचेही नव्हते. सुटे हरफ त्याला सगळे येत. अलिफपासून बडी येपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायचा. शब्द समोर आला की गप्प.

एक दिवस मी जरा रागावलोच. ‘‘अरे, हरफ येतात ना तुला? मग वाच ना!’’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, ये हरफ मिलने के बाद अपनी सूरत क्यों बदल देते?’’

वर्ग हसला. मला हसू आले नाही. सात-आठ वर्षे मी उर्दू शिकवत होतो, पण या प्रश्नाचे उत्तर मी कधी कोणाला दिले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. मराठीत ‘क’ला काना दिला, वेलांटी दिली तरी ‘क’ ओळखू येतो. जोडाक्षर सोडले तर अक्षर आपली जागा सोडत नाही. उर्दूत तसे नाही. ‘बे’ एकटा असतो तेव्हा नावेसारखा लांब पसरलेला असतो. शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याचा फक्त एक दात उरतो आणि खाली एक नुक्ता. पे, ते, टे, से, नून आणि ये यांचेही तेच. सात हरफ, सातांचा दात एकच. फरक तेवढा वरच्या-खालच्या खुणेचा. ज्या पोराने पूर्ण नाव पाहिली आहे, त्याने त्या दातात ती ओळखायची कशी? आपण लहानपणी कधी तरी ओळखली आणि विसरून गेलो की हे अवघड होते.

दुसरी गंमत अशी की सगळे हरफ पुढच्याशी जुळत नाहीत. अलिफ, दाल, डाल, जाल, रे, ड़े, जे, झे आणि वाव हे नऊ हरफ मागच्याचा हात धरतात, पण पुढच्याला हात देत नाहीत. त्यांच्यानंतर शब्द तुटतो आणि नव्याने सुरू होतो. मी हा नियम फळ्यावर लिहीत असे, मुले पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि वाचताना अडखळत.

त्या मुलाचे हात मात्र फार हुशार होते. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या पडक्या भिंतीच्या विटा घेऊन तो काही ना काही रचत बसे. एकदा दुसऱ्या मुलाने विटेवर वीट सरळ ठेवली तर याने ती काढून टाकली आणि म्हणाला, ‘‘जोड़ पे जोड़ नहीं आना. दीवार फटती.’’ सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे बांधकामाचे पहिले सूत्र. ते त्याला कोणी पाठ करून दिले नव्हते, हाताने शिकवले होते. मला वाटले, याच्या हाताला जर हरफ धरता आले तर?

बी.एड.ला असताना आम्ही शैक्षणिक साहित्य म्हणून थर्माकोलच्या प्रतिकृती करायचो. परीक्षक येऊन गेले की त्या कचऱ्यात. त्याच काळात अरविंद गुप्तांच्या खेळण्यांविषयी वाचले होते. आयआयटीत शिकलेले हे इंजिनिअर १९७८ साली नोकरीतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावरच जोडणीचा संच तयार केला. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. घराच्या कैचीत त्रिकोण का असतो, हे पोरगे दोन मिनिटांत समजते. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे यांवर बालवाडी चालवली होती. माँटेसोरीबाईंच्या साधनांत एक गोष्ट मला फार आवडते. चूक झाली तर शिक्षकाने सांगावे लागत नाही. खुंटी चुकीच्या भोकात जातच नाही. साधनच सांगते, ‘बेटा, पुन्हा पाहा.’

मला असे हरफ हवे होते. जो जुळतो त्याला पुढे जीभ, मागे खाच. जो पुढे जुळत नाही त्याला फक्त खाच, आणि पुढची बाजू सपाट. मग नियम पाठ करायची गरजच नाही. अलिफच्या डाव्या बाजूला पोराने काही लावायला घेतले की लाकूडच म्हणेल, इथे जागा नाही.

दिवाळीनंतर तो मुलगा भट्टीवर निघून गेला. मी अब्बांकडे गेलो. कागदावर काढलेले चित्र दाखवले. त्यांच्या एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू पिकत होता. चित्र दूर धरून, जवळ धरून पाहिले. म्हणाले, ‘‘बच्चों का काम है. चौखट से मुश्किल है.’’ मला वाटले ते टाळतायत. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरनंतर करवतीचा आवाज ऐकू आला.

त्या हिवाळ्यात मी जोडणीच्या खेळण्यांवर मिळेल ते वाचत गेलो. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि एका मोठ्या लाकडी घनाचे आठ लहान घन करून मुलांच्या हाती दिले. मूल तोडते, जोडते आणि पूर्ण व भाग हे नाते समजून घेते, हा त्याचा विचार. मग डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची गोष्ट वाचली. तिथे ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार होता. मंदीत घरांची कामे मिळेनाशी झाली तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. त्याचाच कारखाना पुढे ‘लेगो’ म्हणून जगभर गाजला. १९४९ मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या विटा काढल्या. कल्पना त्यांची नव्हती, इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या विटांवरून ती घेतलेली होती. शिवाय या विटा आतून पोकळ. एकावर एक बसत, पण एकमेकींना धरून ठेवत नसत. मुलगा गोटफ्रेड याने विटेच्या आत नळ्या बसवल्या, तेव्हा वरच्या विटेची पकड खालच्या विटेच्या बटणांना घट्ट बसू लागली. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज गेला. त्याच वर्षी सुतार बाप वारला. आठ बटणांच्या सहा सारख्या विटा एकमेकींना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ रीतींनी जोडता येतात म्हणे. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते.

हे मी अब्बांना वाचून दाखवले. आकड्याचे त्यांना काही वाटले नाही. त्यांनी विचारले, ‘‘लकड़ी छोड़ दी उन्होंने?’’ मी म्हणालो, ‘‘हां अब्बा. १९६० में लकड़ी के खिलौनों को आग लगी, फिर बंद कर दिए.’’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘प्लास्टिक सांस नहीं लेता. इसलिए बैठता बराबर.’’

या वाक्याचा अर्थ मला जुलैत कळला.

पहिला संच आम्ही उन्हाळ्यात पूर्ण केला. ठोकळे आंब्याच्या लाकडाचे. जीभ मजबूत हवी म्हणून ती बाभळीची, वेगळी करून आत चिकटवलेली. नुक्ते म्हणजे लहान खुंट्या. दाताच्या ठोकळ्याला वर-खाली भोके ठेवली होती. खाली एक खुंटी लावली की बे, तीन लावल्या की पे, वर एक लावली की नून. माझी मला शाबासकी द्यावीशी वाटत होती. शाळा उघडली, तो मुलगा परत आला, सातवीत बसला. पहिले चार दिवस वर्गात बाजार भरल्यासारखा आवाज. मग पाऊस लागला आणि ठोकळे फुगले. जीभ खाचेत गेली तर निघेना. मुले दाताने ओढू लागली. दोन ठोकळे चिरले.

अब्बांनी चिरलेला ठोकळा पाहिला आणि कपाळावर हात मारला. लाकूड पाणी पिते तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत आणि जाडीत वाढते. प्रत्येक झाडाचे वाढणे वेगळे. आंबा आपल्या चालीने फुगला, बाभूळ आपल्या. एकाच फळीतून, रेषा एकाच दिशेला ठेवून जीभ आणि खाच दोन्ही कापली असती तर दोघे बरोबर वाढले असते आणि बरोबर आटले असते. ‘‘मुझे मालूम था,’’ ते म्हणाले. ‘‘मैं भूल गया. आंख के साथ हाथ भी बूढ़ा होता.’’ मला त्यांच्याकडे पाहवेना.

पण खरा धक्का यापुढे होता.

ऑगस्टमध्ये एक दिवस त्या मुलाची धाकटी बहीण, तीनेक वर्षांची, त्याच्याबरोबर शाळेत आली होती. अशी येतात, आम्ही हाकलत नाही. सगळे ठोकळ्यांत रमले होते. थोड्या वेळाने ती रडू लागली, नाक चोळू लागली. एक नुक्ता तिच्या नाकात गेला होता. मी तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. ते पंधरा किलोमीटर मी आयुष्यात विसरणार नाही. रस्ताभर मनात एकच, नाकातून तो श्वासनळीत गेला तर? डॉक्टरांनी चिमट्याने तो काढला. पाच मिनिटांचे काम. बाहेर आलो तर पाय लटपटत होते.

संध्याकाळी तिची आई शाळेच्या ओट्यावर आली. मला वाटले आता बोल लावणार. तिने नुसता पदराच्या गाठीतून तो लाकडी दाणा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘सर, ये तुम्हारा नुक्ता.’’ आणि गेली.

आमच्या भाषेत नुक्ता वर की खाली, एवढ्यावर ख़ुदा आणि जुदा वेगळे होतात. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला मोठ्या ऐटीत सांगत आलो आहे. त्या दिवशी तो नुक्ता हातात धरून मी बसलो आणि स्वतःची लाज वाटली. मुलांच्या खेळण्याचा पहिला विचार अक्षराचा नसतो, घशाचा असतो. नंतर शोधले तेव्हा कळले की याचेही माप ठरलेले आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. खेळण्याचा जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सुरक्षेचे मानक बंधनकारक झाले. ३१.७ म्हणजे आपला सव्वा इंच. माझी खुंटी पाव इंचाची होती.

मी सगळ्या खुंट्या गोळा केल्या आणि चुलीत टाकल्या. अब्बांना म्हणालो, हे काम बंद. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर सागवानाचे तुकडे होते, जुन्या चौकटींतून उरलेले, चारही बाजूंनी दीड-दीड इंच. लांबट, चौसराच्या पाशासारखे. जीभ त्याच लाकडातून कापलेली, मधोमध, चौकोनी. खाचही चौकोनी, आणि एका जाड कार्डाइतकी सैल. म्हणाले, ‘‘नुक्ता बाहर क्यों रखना? लकड़ी को चार मुंह हैं. हर मुंह पे एक हरफ लिख.’’

मी बघत राहिलो. जीभ गोल असती तर ठोकळा फिरत राहिला असता. चौकोनी असल्यामुळे तो चार बाजूंनी बसतो आणि चारही वेळा पक्का बसतो. बे, पे, ते, नून एका ठोकळ्यावर. टे, से, ये दुसऱ्यावर, आणि चौथी बाजू कोरी. मुलांनी खडूने स्वतः नुक्ता द्यावा म्हणून. मग मी हरफांची घराणी मोजू लागलो. जीम, चे, हे, खे, बरोबर चार. रे, ड़े, जे, झे, बरोबर चार. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी हे मोजून केले नव्हते, लाकडाला चार बाजू असतात एवढेच त्यांना ठाऊक होते. रंग लावला नाही. तापवलेल्या सळईने हरफ डागले, पॉलिश पेपरने कडा मोडल्या आणि वरून अळशीचे तेल.

एक गोष्ट मात्र जमली नाही. आपले उर्दू पुस्तक नस्तालीकमध्ये छापलेले असते. त्यात शब्द वरून खाली तिरका उतरत येतो. लाकडी जीभ सरळ रेषेतच जुळते. ही अडचण मोठमोठ्यांना आली आहे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार केले, तेव्हा सुटे हरफ जोडण्याऐवजी सुमारे २० हजार जोड आधीच लिहून ठेवावे लागले होते. म्हणून मी वर्गात ठोकळ्यांनी शब्द जुळवला की लगेच तोच शब्द फळ्यावर नस्तालीकमध्ये लिहितो. लाकूड उंबरठ्यापर्यंत नेते. आत आपल्या पायाने जायचे.

जोडण्याची ही विद्या काही परकी नाही. आम्ही मुलांना सहलीला लोणारला नेतो. दैत्यसूदनाच्या मंदिरापाशी मी त्यांना सांगतो की हेमाडपंती बांधणीत चुना नाही, दगडाला खाच करून दगड बसवला आहे. काश्मीरमध्ये खातमबंद नावाचे छत करतात. लाकडाचे लहान लहान तुकडे, खिळा नाही, सरस नाही, एकमेकांच्या आधाराने चांदण्या आणि षटकोन होतात. मंदिर असो की खानकाह, मिस्त्रीची जात एकच.

नवा संच दिवाळीच्या आधी वर्गात आला. त्या मुलाने दाताचा ठोकळा घेतला, त्याला अलिफ लावला, मग लाम उचलला आणि अलिफला जोडायला गेला. जागा नाही. त्याने अलिफ उलटा-सुलटा केला, सपाट बाजूवर बोट फिरवले आणि लाम शेजारी सुटा ठेवला. मी काहीही बोललो नाही. त्याने वाचले, ‘‘बाल.’’ पहिला ठोकळा एकदा फिरवला, ‘‘पाल.’’ पुन्हा फिरवला, ‘‘ताल.’’ पुन्हा, ‘‘नाल.’’ मग परत ‘पाल’वर आला आणि थांबला. म्हणाला, ‘‘सर, हम इसी में रहते.’’

उर्दूतला पाल आणि मराठीतला पाल एकच. त्याचे घर त्याने पहिल्यांदा वाचले ते असे.

पंधरा दिवसांनी ते लोक भट्टीवर गेले. जाताना मी त्याला पिशवीत वीस ठोकळे दिले. अब्बांना विचारले नव्हते. त्यांना कळले तेव्हा म्हणाले, ‘‘अच्छा किया. यहां पड़े रहते तो घुन लगता.’’

जूनच्या शेवटी तो परत आला. आता आठवीत. पिशवी आणून टेबलावर ठेवली. ठोकळे धुराने काळे पडले होते. मोजले तर सतरा. तीन हरवले होते. पण पिशवीत अठरावा एक ठोकळा होता, लाल, मातीचा. चार बाजूंना चार हरफ कोरलेले, मधोमध जीभ. हरवलेल्या जीमच्या घराण्याचा. त्याने स्वतः चिखल मळून, वाळवून, विटांच्या रचाईत ठेवून भाजून आणला होता. मी तो घेऊन लाकडी खाचेत घातला. जीभ आत डगमगली, पकड आली नाही. तो म्हणाला, ‘‘सर, मैंने लकड़ी का नाप लिया था. मिट्टी सूखने में सिकुड़ती, भुनने में और सिकुड़ती. अब के बड़ा बनाऊंगा.’’

तो ठोकळा मी घरी नेला. अब्बांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने कडा तपासल्या, जीभ मोजली, खाच मोजली. किती कमी पडली ते बोटाच्या पेरावर धरून पाहिले. मग मला म्हणाले, ‘‘इसका बाप इसको क्या कहता? कलम पकड़, के सांचा पकड़?’’

मला उत्तर देता आले नाही. तो मुलगा आजही अडखळत वाचतो. आठवीनंतरची उर्दू शाळा तालुक्याला आहे, आणि दिवाळीनंतर भट्टी आहे. या दोहोंमध्ये तो कुठे बसेल, हे माझ्या ठोकळ्यांच्या हाती नाही. त्याच्या आईला मी भेटलो. तिने ऐकून घेतले. ‘‘देखते, सर’’ म्हणाली.

अब्बांनी मात्र दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, एक लहान पटाशी काढली, तिला धार लावली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ‘‘उसको दे,’’ म्हणाले. आणि मग, मी निघालो तेव्हा मागून, ‘‘और तू भी कभी बैठ मेरे पास. रंधा चलाना सिखाता तेरे को.’’